कापसाच्या गोदामातलं रेकॉर्ड

२०२३ साली मी शहात्तर वर्षांचा होतो आणि माहे दोन्ही कान गेले होते. यातली दुसरी गोष्ट मी कोणापाशी कबूल करत नव्हतो. माणूस जवळ बसून, तोंडासमोर तोंड आणून बोलला तर ओठ पाहून आणि उजव्या कानात जे काही भणभणते त्याच्यावरून मले बऱ्यापैकी समजून जाये. नाही समजलं तर मी मान हलवत होतो. मान हलवणाऱ्या म्हाताऱ्याले कोणी दुसऱ्यांदा विचारत नाही. माहा पोरगा वर्ध्यापाशी पिपरी मेघेले राह्यते, नोकरीवर आहे. त्यानं कानाची मशीन आणून देल्ली होती. ती घातली का कानात कुकर शिट्ट्या मारे. डॉक्टरनं पोराले सांगतलं, यांची नसच गेली, मशीन आवाज मोठा करन पण साफ नाही करन. मी ती मशीन डब्बीत ठेवली आणि गावात सांगतलं का मले तिची गरज नाही.

कान कशानं गेले हे काही लपलेलं नाही. अर्धं आयुष्य मी धुमाल पार्टीत बेंजो वाजवला. आमच्याकडे वरातीत, गणपतीत, जयंतीच्या मिरवणुकीत ट्रॉलीवर ढोल-ताशे आणि माणसाएवढे स्पीकर लावतात, त्याले धुमाल म्हणतात. बेंजोवाल्याची जागा स्पीकरच्या बरोबर पुढं. पोट भरलं, पोरगा शिकला, कान गेले. पण मले अभिमान होता तो धुमालचा नव्हता. मले अभिमान होता रेकॉर्डचा.

पंचवीस-सव्वीस वर्षांचा असताना आमच्या पार्टीचं रेकॉर्ड निघालं होतं. बशीएवढी काळी तबकडी, एका अंगाले एक गाणं, दुसऱ्या अंगाले एक. गावात आता हे खरं मानणारं कोणी उरलं नव्हतं. चहाच्या ठेल्यावरचे पोट्टे म्हणत, "आबाजी, तुमचं रेकॉर्ड हिंगणघाटच्या ठाण्यात असन, तिथं जाऊन पाहा." मी म्हणे, तुमच्या बापाले विचारा. त्यांच्या बापानंही ऐकलं नव्हतं. दाखवाले माह्यापाशी एकही तबकडी नव्हती.

म्हणून जेव्हा पोराचा निरोप आला का पुण्याची एक मुलगी तुमचं रेकॉर्ड घेऊन भेटाले येऊन राह्यली, तेव्हा मी पहिले ठेल्यावर जाऊन बसलो आणि सगळे जमेपर्यंत उठलो नाही.

मुलगी आली ती दिवाळीनंतर, कापूस वेचणी जोरात होती तेव्हा. हिंगणघाटात लॉजवर उतरली होती, तिथून ऑटो करून आली. पाठीवर मोठी बॅग. बॅगेतून तिनं आधी तबकडी काढली. कागदी पाकीट, त्यावर आमच्या गावाचं नाव आणि 'पार्टी' एवढंच छापलेलं, शाई उडालेली. मी ती हातात धरून बसलो. बायकोले म्हणलं, पाह्यलं? बायको म्हणाली, "पाह्यलं. आता त्या पोरीले पाणी तर घेऊ द्या."

मुलगी बोलते पुण्याचं, अन् बोलते भराभर. तिचे ओठ माह्या ओळखीचे नव्हते. दहा शब्दांतले दोन हाती लागत. बायको बाजूले बसली आणि मुलीचं बोलणं माह्या उजव्या कानात घालत गेली. मुलीले तिनं सांगतलं, "यांच्याशी जरा जोरात बोला बाई, यांचं ध्यान राहत नाई." कान नाही म्हणाली, ध्यान म्हणाली. एवढ्या वर्षांत बाईनं माही इज्जत अशीच राखली.

मुलगी जुनी रेकॉर्डं जमा करते. आमचं तिले हैदराबादच्या जुन्या बाजारात भंगारात सापडलं. तिनं ते इंटरनेटवर टाकलं तर परदेशातले लोक वेडे झाले म्हणे. कोणी म्हणे असं काही आम्ही ऐकलंच नाही. त्या लोकांत या जातीच्या गाण्याले नाव आहे, सायकेडेलिक फोक. मी बायकोले विचारलं, म्हणजे काय. बायकोनं मुलीले विचारलं. मुलीनं बरंच काही सांगतलं. बायकोनं माह्या कानात त्याचं सार घातलं, "नशेचं गाणं."

"तिले सांग, आमच्या पार्टीत चहाच्या वर कोणी गेलं नाई."

"सांगतलं. ती म्हणते, तसं नाही आजोबा, ऐकणाऱ्याला नशा होते."

"मंग ठीक आहे."

त्या लोकांना आमचं रेकॉर्ड नवं करून, मोठ्या तबकडीवर पुन्हा काढायचं होतं. सोबत कागद देणार, त्यात आमची माहिती. म्हणून ती आलती.

मी तिले सगळं सांगतलं, जसं इथं सांगतो आहे तसं.

पार्टी म्हणजे आम्ही चौघं. माहा लहान भाऊ गाये, मी बेंजो, एक ढोलकवाला, एक खंजेरीवाला. आता मी एकटा उरलो. आमच्यात पेटी नव्हती. बाकीच्या पार्ट्यांत पेटीवाला सूर देते आणि सगळे त्याच्यावर लावतात. आमच्यात उलटं होतं. भाऊ आधी तोंड उघडून 'आ' करे आणि मी बेंजोच्या तारा त्याच्या गळ्याले लावत होतो. त्या दिवशी त्याचा गळा जिथं, तिथं तारा. दुसऱ्या पार्टीवाले हसत, म्हणत ही गळ्याची गुलाम पार्टी आहे. पण भावानं कधी ओढूनताणून गायलं नाही. तो गाऊन राह्यला का चुलीवरची भाकर करपे आणि करपल्याचं कोणी बोलत नसे.

जयंतीची गाणी तर सगळेच म्हणत. आम्ही त्यांच्या जोडीले माह्या मायची गाणी घेतली, ती कापूस वेचताना म्हणे ती. एक होतं, 'आभाळ उतरलं वटीत माय, चंद्र राह्यला बोंडात.' वटी म्हणजे वेचणारी बाई कमरेले कापडाची झोळी बांधते ती. या गाण्यात ना देव, ना राजा, ना नवरा-बायकोचं भांडण. भाऊ ते संथ म्हणे, डोळे मिटून.

हिंगणघाटात एक रेडिओ दुरुस्त करणारा होता, त्याले आमचा नाद लागला. त्यानं माह्या बेंजोच्या पोटात टेलिफोनमधलं काही बसवून दिलं आणि वायर काढली, तशी बेंजो भोंग्यातून वाजाले लागला. त्याच्यापाशी एक डब्बा होता, इकोचा, आवाजाच्या मागं आवाज काढणारा. नागपूरचा एक दुकानदार रेकॉर्ड छापून घ्यायले तयार झाला आणि मेकॅनिकनं टेपवर गाणी भरून द्यायचं ठरलं.

आता भरायचं कुठं? हिंगणघाटात हायवेचे ट्रक, गाड्यांचे भोंगे. मेकॅनिकले सुचलं कापसाचं गोदाम. जिनिंगले सुट्टी होती, गोदाम पत्र्यापर्यंत भरलेलं. आम्ही कापसात खड्डा करून बसलो. बाहेरचं काही म्हणजे काही ऐकू येईना, आम्ही खूश. पण कापूस बाहेरचा आवाज खाते तसा आतलाही खाते, हे कापसात जन्म गेलेल्या एकाच्याही डोक्यात आलं नाही. भाऊ गाये तर गाणं तोंडाच्या बाहेर येऊन तिथंच मरे. ढोलक अशी वाजे जशी ओली गोधडी धोपटून राह्यलो. मेकॅनिक घाबरला. गोदाम एकाच दिवसाचं मिळालं होतं. शेवटी त्यानं इकोचं बटण पुरं फिरवून देल्लं. मग एका ओळीमागं तीच ओळ, तिच्यामागं पुन्हा तीच, आणि माहा बेंजो असा, जशी कोणी विहिरीत सायकल टाकली आणि ती पडूनच राह्यली, तळाले लागतच नाही. त्याच्यात बाजूची तेलघाणी चालू झाली आणि गोदामातला बल्ब पिवळा पडला. तो पिवळा बल्ब मले आजही दिसते. पण बल्बचा आणि गळ्याचा काही संबंध असते, हे कोणाले माहीत.

रेकॉर्ड छापून आलं तेव्हा बाजारातल्या एका हॉटेलात रेकॉर्ड वाजवाची मशीन होती, भावानं तिथं नेऊन लावलं. हॉटेल भरलेलं. गाणं सुरू झालं आणि त्यातून बाईचा आवाज निघाला. बाईचाही नाही, वयात आलेल्या पोरीचा. बारीक, घाईत.

"कोण बाई ठेवली बे पार्टीत?" कोणीतरी म्हणलं.

दुसरा म्हणला, "बाई नाई, हाच गाऊन राह्यला. रात्री लुगडं नेसत असन."

हॉटेल हसलं. भाऊ उठला, पैसे देऊन बाहेर आला. मले म्हणला, "दादा, हा मी नाई." मी म्हणलं, छापण्यात काही गडबड झाली असन. त्यानं दुकानदाराले विचारलं, मेकॅनिकले विचारलं. मेकॅनिकनं टेप पुन्हा लावून पाह्यला, त्याच्या मशीनवरही तसाच आवाज. तोही बिचारा पाहतच राह्यला.

त्यानंतर भाऊ गायला नाही. एकदाही नाही. लग्नात नाही, जयंतीत नाही, बैल धुताना नाही. घरी आलेल्या सगळ्या तबकड्या त्यानं वांग्याच्या वाफ्यात पोपट हाकलाले दोरीनं टांगल्या. उन्हानं त्या वाकून वाट्यांसारख्या झाल्या. तो मार्केट यार्डात हमालीले लागला आणि मरेपर्यंत तिथंच राह्यला. माही बायको या घरात आली ती त्याच्या नंतरच्या साली. तिनं तिच्या दिराले गाताना कधी ऐकलं नाही.

हे सगळं मी मुलीले सांगत होतो, पण भावाच्या आवाजाचं हे शेवटचं अजून सांगायचं होतं. त्याच्या आधीच मुलीनं पाकीट हातात घेऊन काही विचारलं. मी तिच्या तोंडाकडे पाहत होतो. एक शब्द मले बायकोच्या मदतीशिवाय समजला. बाई.

बायकोनं माह्याकडे पाह्यलं आणि सांगावं का नाही असा विचार केला. मग सांगतलं.

"ती विचारते, या रेकॉर्डवर गाणारी बाई कोण होती."

परदेशातले लोक त्या बाईच्या मागं लागलेले होते. ती आदिवासी होती, ती तरुणपणीच मेली, असं काहीबाही लोकांनी लिहून ठेवलं होतं. कोणी तर तिचं चित्रही काढलं होतं, मुलीनं फोनवर दाखवलं. कपाळावर चंद्र, केस मोकळे. माहा भाऊ क्विंटलची पोती पाठीवर घेत होता.

मी उभा राह्यलो. मी काय काय बोललो ते मले आठवत नाही, पण शेजारची बाई भिंतीवरून डोकावून पाहून गेली म्हणजे जोरातच बोललो असन. मुलगी रागावली नाही. ती मले पुन्हा पुन्हा विचारत गेली, गोदामाचं, तेलघाणीचं, बल्बचं. बल्बचं ऐकलं तेव्हा तिनं कपाळाले हात लावला.

तिनं जे सांगतलं ते बायकोनं मले दोनदा सांगतलं तेव्हा समजलं. करंट कमी पडला तर बल्ब पिवळा पडते, तशी टेपची मशीनही हळू फिरते. हळू फिरताना भरलेलं गाणं मग पुऱ्या करंटवर वाजवलं तर ते पळते, आणि पळते म्हणून आवाज बारीक होते. भावाच्या गळ्यात काही नव्हतं. छापणाऱ्याचीही चूक नव्हती. तेलघाणीनं त्याचा गळा खाल्ला.

हे समजाले पन्नास वर्षं लागली आणि ज्याले समजायचं तो पाच-सहा वर्षांआधी गेला.

"आजोबा," मुलगी म्हणाली, आणि या वेळी तिनं हळू, तोंड उघडून म्हणलं, "मी तो आवाज परत खाली आणू शकते. कॉम्प्युटरवर. फक्त कोणीतरी सांगायला हवं, किती."

माह्या मनात त्या क्षणाले काय झालं ते सांगतो. मले एवढंच पाह्यजे होतं. पैसा नको, नाव नको, परदेश नको. माह्या भावाचा आवाज दुनियेले गड्याचा म्हणून, त्याचा म्हणून ऐकू यावा. आणि ते सांगणारा, त्या गळ्याले रोज तारा लावणारा, एकच माणूस जिवंत होता, अन् तो बहिरा होता.

तिनं पट्टी विचारली. काळी एक का काळी दोन? पेटी असती तर सांगतलं असतं. आमची पट्टी म्हणजे तो. तो गेला आणि पट्टी गेली.

तिनं काम्पुटर खाटेवर ठेवला, छोटा स्पीकर लावला, आणि सुरू केलं. मी स्पीकरकडे पाहत बसलो. माणसाचं बोलणं तोंड पाहून समजते. डब्ब्याले तोंड नसते. मले ऐकू आलं ते असं, जशी दूरच्या गावात पिठाची चक्की चालू आहे. मुलगी बोट फिरवे, माह्याकडे पाहे. अजून फिरवे, अजून पाहे. बायको माह्याकडे पाहे. मी स्पीकरवर हात ठेवला, दाद देऊन राह्यलो असं दाखवत. बोटाले ढोलक लागली, धप, धप. गळा काही बोटाले लागत नाही.

मी बायकोकडे पाह्यलं. जिंदगीभर मी तिले म्हणत आलो, तुले गाण्यातलं काय समजते, तू तुही कढी पाहा. ती नजर तिनं ओळखली. पदर खोचला आणि स्पीकरच्या जवळ सरकली.

मुलीले म्हणाली, "सुरुवातीले काही बोलते का कोणी? गाण्याच्या आधी?"

होतं. गाण्याच्या आधी भाऊ मले म्हणाला होता, दादा, लाव. तेवढं टेपवर आलं होतं आणि तेवढं छापलंही गेलं होतं. इतकी वर्षं मी ते विसरलो होतो. मुलगी तेवढाच तुकडा पुन्हा पुन्हा लावाले लागली, दर वेळी थोडा हळू. हे मले बायकोच्या तोंडावरून समजे. ती मान आडवी हलवे, आडवी हलवे. मधात एकदा तिनं हसून मुलीले काही म्हणलं. नंतर सांगतलं मले, ती म्हणाली होती, "हा तर आमच्या शाळेतल्या मास्तरीणबाईचा आवाज झाला." मग अजून खाली, अजून खाली. आणि मग बायकोनं हात वर केला. तिचा पदर आपसूक डोक्यावर गेला, जसा दीर घरात आला का जाये.

मुलीनं माह्याकडे पाह्यलं. मी मान हलवली. हो, हाच, म्हणलं.

मुलगी फार खूश झाली. पुऱ्या गाण्याले तिनं तोच हिशेब लावला, फोनमध्ये काही लिहून घेतलं. बायकोनं विचारलं काय लिहिलं, तर म्हणाली, "बेंजो वाजवणाऱ्या थोरल्या भावानं स्वतः ऐकून आवाज ओळखला, असं छापणार." तिनं दोघांच्या पाया पडून ऑटो बोलावला. सकाळी नागपूरची बस आहे म्हणाली, तिथून पुढं पुण्याले. जाताना तबकडी माह्या हातात ठेवाले लागली. मी म्हणलं, तू ठेव, माह्यापाशी मशीन नाई.

संध्याकाळी बायको सुपात तुरीची डाळ पाखडत बसली होती. मी तिच्या समोर जाऊन बसलो, तिचे ओठ दिसतील असा.

"खरंच तोच होता?"

"मंग काय कोणी दुसरा होता?"

"तसं नाई. पक्का तोच?"

"पन्नास वर्षं मले गाण्यातलं समजत नाई म्हणे. आज एका दिवसात मी कोर्टाची जज झाली वाटते." सूप थांबवून तिनं माह्याकडे नीट पाह्यलं. "तेच होते. भाऊजीच. अशी हाक मारत न, यार्डातून आल्यावर, दादा आला का म्हणून. तसंच."

"कसा होता आवाज? सांग न मले."

"कसा म्हणजे, त्यांचा."

"तरी."

ती विचार कराले लागली. सुपातल्या डाळीत बोट फिरवत राह्यली. "जाडा. थोडा घोगरा. सर्दी झाल्यावाणी, घशात भुसा अडकल्यावाणी असते न."

तिथंच मले गडबड समजली.

भाऊ जवान होता तेव्हा घोगरा नव्हता. त्याचा घोगरेपणा यार्डातला होता, पोत्यांच्या धुळीचा, सरकीच्या भुशाचा, बिडीचा. तो हमाल झाल्यावरचा. बायकोनं ओळखला तो तिचा दीर, आणि बरोबर ओळखला. तिनं जो आवाज ऐकला होता त्याच्यापर्यंतच तिनं मशीन खाली नेली. पण गोदामात कापसाच्या खड्ड्यात बसून ज्यानं गाणं म्हटलं तो हमाल नव्हता. तो बावीस-तेवीस वर्षांचा, साफ गळ्याचा पोरगा होता. पुरुषाचाच गळा, पण वर चढलेला, ज्याच्यात उजेड होता. एवढा वेळ तो पोरीच्या आवाजात अडकला होता, आता आम्ही त्याले म्हाताऱ्याच्या आवाजात टाकलं. आणि खाली लिहिणार का थोरल्या भावानं स्वतः ऐकून ओळखलं.

बायकोले हे सांगावं कसं. तिनं जे केलं ते माह्यासाठी केलं. तरी सांगतलं. ती रुसली नाही. म्हणाली, "मी कुठून आणू मंग जवानीतले भाऊजी? मी काय पाह्यले?"

"माह्या डोक्यात आहे तो."

"मंग काढा न बाहेर."

हेच तर होत नव्हतं. डोक्यात तो मले ऐकू येत होता, आजही येते, साफ, बाकी काही ऐकू येत नाही म्हणून अजूनच साफ. पण डोक्यातलं दुसऱ्याच्या कानात घालाले वायर नसते. मी बायकोकडून पोराले फोन लावून घेतला, मुलीले सांग म्हणलं. पोरगा म्हणला, बाबा, ती खूश होऊन गेली, तुम्ही हो म्हणलं, आता काऊन खोड काढता. बायकोनं ते माह्या कानात घातलं. मी म्हणलं, ठेव फोन.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुधाच्या गाडीत बसून मी हिंगणघाटले गेलो. बस स्टँडवर मुलगी नागपूरच्या बसजवळ उभी होती, बॅग पायाशी. मले पाहून ती काही बोलली, दोन-तीनदा बोलली. मी मान हलवली नाही.

"मले ऐकू येत नाई," मी म्हणलं. "काहीच नाई. काल मी ऐकलं नाई, माह्या बायकोनं ऐकलं. आणि तिनं ऐकला तो नंतरचा आवाज, मेहनतीनं बसलेला. रेकॉर्डवाला त्याच्या वरचा आहे."

बहिऱ्याले आपला आवाज किती मोठा ते समजत नाही. बाकड्यावरची माणसं, पेपरवाला, कंडक्टर, सगळे वळून पाहत होते. मुलीनं फोन काढला, त्याच्यावर बोटं चालवली आणि माह्यासमोर धरला. मी तिसरीपर्यंत शिकलो, अक्षर अक्षर जोडून वाचावं लागते. लिहिलं होतं, किती वर?

दोन बोटं, चार बोटं, हातभर, कसं सांगणार. बसवाल्यानं इंजिन चालू केलं, ते मले पायातून समजलं. मी तिले म्हणलं, ते भरायचं बटण चालू कर. तिनं फोन माह्या तोंडापुढं धरला. मी डोळे मिटले, भाऊ जिथं 'आ' करे ती जागा गळ्यात शोधली, आणि पहिली ओळ म्हटली, पुरी, स्टँडच्या मधात. डोळे उघडले तर कंडक्टर हात हलवून तिले चढाले सांगत होता आणि ती त्याले थांब म्हणत होती. गळा अजून तापला नव्हता, म्हणून मी ओळ पुन्हा पहिल्यापासून म्हटली.